तिनं मला कधी विचारलं नाही

निरोप दुकानातल्या फोनवर आला. मी उसात खुरपत होते. मालक, म्हणजे माझे यजमान, बांधावर येऊन उभे राहिले. मी विचारलं, "वन्संचं काय?" तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शालन गेली हे मला त्या टोपीवरून कळलं... कावीळ साधी आहे, आठ-पंधरा दिवसांत उतरेल असं सगळे म्हणत होते. बारामतीच्या दवाखान्यात मी तिला भेटून आले तेव्हा तीच मला म्हणाली होती, "वहिनी, तुमी रडू नका, नर्सला वाटंल मीच मेले." आता महिना उलटून गेला. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. बोलायची सवय मला नाही. जे बोलायचं ते तिच्याशीच बोलत होते.

शालन माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन सणसरला आले तेव्हा ती शाळेत होती, पुढं बारामतीला वकिलीच्या कॉलेजात जायला लागली. आमच्या घरात आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, नंतर ऊस आला. पण पोरीनं वकील व्हावं हे भावकीत कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं. "हिला काय चोरांची वकिली करायची?" म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भांडी आपटायच्या. शालन संध्याकाळच्या एस.टी.नं यायची आणि थेट माझ्या चुलीपाशी बसायची. मी भाकरी थापायची आणि ती पाठ म्हणायची. चुकलं का ते बघायला पुस्तक माझ्या पुढ्यात उघडून ठेवायची. माझी शाळा चौथीपर्यंतची. एकेक अक्षर लावत मी वाचायची, पिठाची बोटं पानाला लागायची, आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून म्हणायची, "वाचा वाचा, पुढचं मला म्हाईत हाय." असं करता करता मला वाचता यायला लागलं. आज हे लिहिते ते तिच्यामुळंच.

नुसतं पाठ करणं तिला आवडत नसे. मला ती कोडी घालायची. "समजा, शेजाऱ्याची शेळी आपल्या शेळ्यांत मिसळून घरी आली. चोरी झाली का?"

"आता शेळी आपल्या पायानं आली, त्यात आपली काय चोरी?"

"आन तुमी वळखून बी बांधून ठिवली तर?"

"मग व्हय, चोरी."

"बघा! शेळी तीच, दावं तेच. बदललं काय? तुमचं मन. नुसत्या हातानं गुन्हा होत न्हाय वहिनी, मन बी त्यात लागतं." मग ती माझ्याच तव्यावरची भाकरी उचलून पळायची आणि दारातून ओरडायची, "ही चोरी हाय, मन हाय माझं!"

ज्या गोष्टीमुळं मी तिला जन्मभर विसरणार नाही ती त्याच दिवसांतली. माझ्या चुलत थोरल्या जाऊबाईंचं गळ्यातलं सोन्याचं डोरलं हरवलं. आमची घरं एका अंगणात, न्हाणी एकच. जाऊबाईंनी न्हाताना डोरलं काढून ठेवलं, तसंच विसरून बाहेर आल्या आणि त्यांच्यामागं मी आत गेले. दुपारी त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा डोरलं नव्हतं. मोरी उपसली, राख चाळली, सापडलं नाही. "हिच्याबिगर कोण गेलं आत?" एवढं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, माहेरीही येत नव्हतं. मालक तेव्हा माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला होते, हंगाम चालू होता, ते घरी नव्हते. मी गप्प राहिले तसं बोलणं वाढत गेलं.

आमच्यात अशा वेळी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलायला लावतात. ज्याच्यावर आळ आहे त्यानं देवापुढची हळद मुठीत घेऊन शपथ घ्यायची. पुढच्या अमावास्येपर्यंत त्याच्या घरात काही वाईट झालं नाही तर तो खरा, झालं तर चोर. मी डोरलं घेतलं नव्हतं, त्यामुळं मला शपथेची भीती वाटायला नको होती. पण माझी लेक तापानं फणफणली होती. अंगावर गोवर उठत होता. मी भंडारा उचलला आणि पोरीचं काही बरंवाईट झालं, तर पोरही जाणार आणि चोर म्हणून नावही लागणार... हे मी कुणाला सांगितलं नाही. शालनलाही नाही. पण रविवारी देवळात जाताना तिनं पोरीला माझ्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं, तेव्हा तिला सगळं कळलं असावं.

भावकीतले थोरले तात्या ताटली घेऊन बसले होते. "उचल पोरी. खरी आसशील तर भ्यायचं काय कारण?"

माझा हात उठेना. जाऊबाई म्हणाल्या, "बघा, बोलत बी न्हाय, उचलत बी न्हाय!"

तेवढ्यात शालन पुढं झाली. "तात्या, घेताना कुणी बघितलं का?"

"बघितलं न्हाय. पर न्हाणीत हीच गेली हुती."

"मी बी गेले हुते. आई बी गेली. तुमी सुदिक पाय धुतलं तितं. मग सगळ्यांनीच उचलू. पैला मान तुमचा."

बाया पदराआड हसल्या. तात्यांचा आवाज चढला. "वकिलीण झाली व्हय लगीच? आदी परीक्षा तर पास हो!"

"नापास झाले तरी बी शाबीत करायचं काम आरोप करणाऱ्याचंच ऱ्हातं, तात्या. चोरी वाटती तर पोलिसात फिर्याद द्या. हुऊ द्या रीतसर तपास."

"घरातलं पोलिसात नेती?"

"मग घरातलं देवळात तरी का आणलं?"

जाऊबाई रडायला लागल्या. त्यांचं सोनं गेलं होतं, त्यांचंही खोटं नव्हतं. "खरी हाय तर तिला तोंडानं बोलू द्या की!"

"न्हाय बोलायची. तिची मर्जी," शालन म्हणाली. "गप बसंल ती चोर, आसं म्हटलं तर या गावातल्या निम्म्या सुना चोर निघतील." मग तिनं ताटलीतली चिमूटभर हळद घेतली, पोरीच्या कपाळाला लावली, माझ्याही लावली, आणि आम्हाला घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरली.

पोरीचा गोवर उतरला. डोरलं काही सापडलं नाही, आजपर्यंत नाही. आत्याबाई बरेच दिवस लेकीशी बोलत नव्हत्या. आणि विहिरीवर मी गेले की बाया घागर भरता भरता थांबायच्या. मी भंडारा उचलला नाही हेच लोकांच्या लक्षात राहिलं.

शालन पास झाली, लग्न होऊन इंदापूरला गेली, तिथल्या कोर्टात उभी राहायला लागली. एकदा हट्टानं मला कोर्ट बघायला घेऊन गेली. मी मागच्या बाकावर पदर सावरून बसले. पिंजऱ्यात एक माणूस होता, पंप चोरल्याचा आळ. जज्जसाहेबांनी त्याला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? त्यानं मान हलवली, नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढं गेले. एवढंच. त्याच्या गप्प राहण्याचं त्या खोलीत कुणालाच काही वाटलं नाही... मी त्या माणसाकडं किती वेळ बघत होते. शेवटी तो सुटला. एस.टी. स्टँडवर चहा घेताना मी शालनला विचारलं, "म्हंजी त्यानं केलं न्हाय?"

"म्हंजी शाबीत झालं न्हाय. संशयाचा फायदा मिळाला."

मी म्हणाले, "वन्सं, डोरल्याचं तुमी मला कधीच विचारलं न्हाय."

तिनं कप खाली ठेवला. "विचारलं आसतं तर तुमाला उत्तर द्यावं लागलं आसतं. मग मी बी त्यांच्यातलीच झाले आसते."

"मग आता विचारा."

"आता तर मुळीच न्हाय," म्हणून ती हसली. बस लागली होती. तिनं खिडकीतून माझी पिशवी आत टाकून जागा धरली आणि बस सुटेपर्यंत खाली उभी राहून हात हलवत होती.

तिचं बरोबरच होतं, पुस्तकातही तसंच होतं. तरी मला वाटत राहिलं, एकदा विचारावं. दुसऱ्या कुणी नाही, तिनं. दवाखान्यातही मी तेच मनात घेऊन बसले होते आणि ती नर्सवरून विनोद करत होती.

परवा इंदापूरला तिच्या घरी गेले होते. भावजी, म्हणजे तिचे मालक, शाळेत शिकवायला गेले होते, घरात कुणी नव्हतं. दाराच्या मागं तिचा काळा कोट टांगलेला आहे, कोपराला थोडा झिजलेला. मी कोटाजवळ गेले. आजूबाजूला बघितलं, आणि तोंडानं, आवाज काढून म्हणाले, "वन्सं, मी न्हाय घेतलं."

घरात काहीच हललं नाही. पण गप्प राहणाऱ्याच्या गप्पपणाचा आपल्या मनानं अर्थ लावायचा नसतो... कोटाची एक बाही दुमडली होती, ती मी सरळ केली आणि भावजी यायच्या आत भाकरी करून ठेवावी म्हणून पीठ मळायला बसले.