बहिणीच्या मानेतली गाठ

माझ्या धाकट्या बहिणीचा अंगठा वाकवला की सहज मनगटाला टेकायचा. सांध्यांचा हा सैलपणा तिला जन्मजात, बाबांकडून आलेला. त्यामुळे मानेत गाठ आली तेव्हाही ती त्यातलीच असेल म्हणून आम्ही महिनाभर थांबलो. गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासून लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, सांगितला. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "सांधे बाबांचे, गो. ही गाठ मात्र माझी एकटीची."

केमोथेरपी सहा महिने चालली. सैल सांध्यांबरोबरच आलेल्या नाजूक कातडीमुळे सुई टोचली की तिचे हात जांभळे व्हायचे. हळूहळू गाठ विरली.

मग एका सकाळी तोंडवलीच्या समुद्रात, शांत पाण्यात ती उताणी तरंगत राहिली. "हय काय्येक दुखत नाय," म्हणाली. मीही तिच्याशेजारी अंग सोडून दिलं. बराच वेळ किनारा कुठल्या बाजूला आहे, तेच आम्हांला कळेना.