मेस्त्री सरांचं समालोचन

आमच्या शाळेत मराठीच्या मास्तराला पगार शिकवण्याचा आणि काम भोंग्याचं, अशी जुनी चाल होती. निरोप समारंभ असो, पाहुण्यांचं स्वागत असो की फळ्यावरचा सुविचार, सगळं मराठीच्या गळ्यात. मी गणिताची, म्हणून सुटले. सहदेव मेस्त्री सर मात्र पुरते अडकले.

ते ठाकुर्लीहून रोज कोलशेतला यायचे. अंगाने काडी. खेळाशी संबंध म्हणाल तर स्टाफरूममधला कॅरम, आणि त्यातही राणी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. पण निबंध तपासायला बसले की हा गरीब माणूस कसाई व्हायचा. कुणी ‘सोनेरी किरणांची उधळण’ लिहिली की शेजारी लाल शाईत प्रश्न यायचा, ‘तू पाहिलीस? कुठे?’ मराठीच्या तासाला ते वर्ग मैदानात न्यायचे, चाललेला खो-खो दाखवायचे आणि म्हणायचे, दिसलं तेवढंच लिहा.

मी एकदा चिडवलं, “सर, हे साहित्य की पंचनामा?”

“सुमतीबाई, आधी पंचनामा तर धड जमू दे. साहित्य त्याच्या मागून येतं.”

शहाऐंशी साली खो-खोचा आमचा संघ एका मुलीवर उभा होता. कोळीवाड्यातली मालन. आठवीत होती, वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही आणि मैदानात कुणाच्या हाती लागायची नाही. दिवाळीनंतर तिची शाळा बंद होणार असं कळलं. तिची आई मनुबाई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची. नवरा गेल्यापासून एकटीच राबत होती, तिला सोबतीला हात हवा होता. चूक तरी कशी म्हणायची?

सर तिच्या ओट्यावर जाऊन तासभर बसले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “तालुक्याची म्याच जिकली नि जिल्ह्याला गेली, त दहावीपावेतो ठेवीन. नाय त डोक्यावर म्हावऱ्याची पाटी.”

सर हो म्हणून आले. मला असा राग आला! पोरीची शाळा कुणी सामन्यावर लावतं का? पण शब्द देऊन झाला होता.

तालुक्याचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर, ठाण्याच्या एका शाळेशी. माईक अर्थातच मेस्त्री सरांकडे. मनुबाई बाजार अर्धा टाकून आली होती आणि कुंपणाशी उभी होती. तिला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. ती लेकीकडे बघत होती आणि भोंगा ऐकत होती.

शेवटच्या डावात आमची फक्त मालन मैदानात उरली. दीड मिनिट टिकली की जिंकलो. सर रंगात आले. मालन कशी पळते, कशी थांबते, कधी श्वास घेते, सगळं सांगू लागले. खरं सांगते, डोळे मिटले असते तरी ती मला दिसली असती. लोक खेळ सोडून भोंगा ऐकायला लागले. आणि त्याच भरात सर म्हणाले, “बघा, मालन खांबाकडे निघाली. आता आधी उजवा खांदा झुकवील. पण ती हूल आहे. खांबाशी ती नेहमी डावीकडेच वळते.”

भोंगा दोन्ही संघांना ऐकू जातो, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मालनने उजवा खांदा झुकवला. तिच्या मागावर असलेल्या ठाण्याच्या मुलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ डावीकडे झेप घेतली. मालन बाद झाली तेव्हा वीस सेकंद उरली होती. सामना गेला.

सर माईकमध्येच हळू म्हणाले, “मालन बाद झाली नाही. मी तिला बाद केलं.” तेही भोंग्यावरून सगळ्या मैदानाने ऐकलं.

मी त्यांच्याजवळ गेले. शिव्या घालायच्या म्हणूनच गेले होते. ते म्हणाले, “बाई, वीस वर्षं पोरांना सांगितलं, दिसेल ते नेमकं सांगा. गप्प कधी बसायचं ते सांगायचं राहिलं.”

तेवढ्यात मनुबाई मालनला दंडाला धरून घेऊन आली. पोरगी मुसमुसत होती. सर हात जोडून म्हणाले, “अट तुमची होती, हरलो मी. तिच्यावर राग काढू नका.”

मनुबाईने भलतंच विचारलं.

“सर, ती डावीकरं वलते, ह्ये तुमाला कसा म्हाईत?”

“रोज बघतो ना तिला.”

“माजे पोटची पोर. तेरा वरसा घरान हाय. मना नाय म्हाईत ती कुठं वलते.” तिने पदराने लेकीचं तोंड पुसलं. “कधी बघलीच नाय मी.”



मनुबाईने लेकीचा दंड सोडला आणि तिला किंचित पुढे, सरांच्या बाजूला ढकललं.

“सोमवारी येईल ती शालेन. तिला आता उजवीकरं वलायला शिकवा.”