तारखेची जागा

कनेरगाव नाक्यावर कुणालाही आमचं घर विचारा, तो म्हणणार, "ते व्हय, लगन लिवलेलं घर." हिंगोलीहून वाशीमकडं जाणारा रस्ता आमच्या अंगणाला घासून जातो, आणि रस्त्याकडची अख्खी भिंत माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची होती. वर कमळ, दोन्ही अंगांना पिंपळाची पानं, मधे निळ्या ऑइलपेंटात 'मंगल परिणय', खाली अक्काचं नाव आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव. त्याच्याही खाली, जिथं तारीख असते तिथं, हातभर लांबीची खरवडलेली जागा. तिथं ना रंग, ना चुना. नुसती वीट दिसायची.

लिहिलं होतं बाबांनीच. बाबा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावं आणि लग्नसराईत भिंती. ज्याच्या घरी लग्न त्यानं दर्शनी भिंतीला चुना मारायचा आणि बाबांना बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. पत्रिका महिन्याभरात चुलीत जाते, भिंतीवरचं लग्न मात्र पोरंबाळं होईस्तोवर राहतं. आसपासच्या गावांत किती संसार बाबांच्या हातच्या अक्षराखाली सुरू झाले असतील, देव जाणे.

अक्काचं लग्न तोंडावर आलं आणि तापाचं निमित्त झालं. नांदेडला नेली ती झाकूनच परत आणली. मी तेव्हा सातवीत होते. माती झाल्यावर माणसं अंगणात बसलेली होती आणि बाबा उठले. थापी घेतली आणि भिंतीवरची तारीख खरवडून काढली. फक्त तारीख. कुणीतरी म्हणालं, "आता समदंच काढा ना." बाबांनी थापी धुऊन ठेवून दिली.

त्यानंतर बाबांनी कुणाचं लग्न लिहिलं नाही. खरं सांगायचं तर कुणी बोलावलंही नाही. तोंडावर कोण बोलणार? पण किराणा आणायला गेले की माझ्या कानावर यायचं, "भला माणूस हाये, पर लगनाला त्याचा हात नको." पुढं गावोगाव फ्लेक्स आले आणि सगळ्यांची सोय झाली. बाबाही म्हणायला लागले, "आता फ्लेक्सचा जमाना आला." आणि मी कुठं नोकरीला लागले? हिंगोलीत, फ्लेक्सच्याच दुकानात! दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची लग्नं लिहायची आणि संध्याकाळी येऊन त्या भिंतीपुढून घरात शिरायचं.

भिंत कोरी असती तर कदाचित आम्ही विसरलोही असतो. पण रस्त्यापलीकडं धाबा. गाड्या थांबायच्या, ड्रायव्हर लोक चहा पिता पिता भिंत वाचायचे. तारीखच नाही म्हटल्यावर माणूस विचारणारच. मी अंगणात भांडी घासत असले की हाक यायची, "बेटी, शादी कब है?" मी काय सांगणार? "अगले महीने" म्हणून मोकळी व्हायचे. उन्हाळे-पावसाळे गेले, कमळाचा तांबडा उडाला, पण निळं अक्षर हललं नाही आणि पुढचा महिना काही आला नाही.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा आखाडा बाळापूरकडचा, शाळेत शिक्षक. माणूस हसरा, थोडा चावट, मला आवडला. ठरवलं, सगळं आपल्या हातानं करायचं. पांढऱ्या साडीला निळ्या रेशमाचा काठ मीच भरायला घेतला. मंडपासाठी कागदाची कमळं करायची, पत्रिकाही मीच काढायची. दुपारी माय आणि मी अंगणात बसून पाकळ्या कापायचो. मायचा हात चालायचा आणि मधेच ती मला अक्काच्या नावानं हाक मारायची. पहिल्यांदा मी म्हटलं, "माय, मी हाये." ती म्हणाली, "व्हय गं, तूच." पुन्हा दहा पाकळ्या झाल्या की तेच. शेवटी मीच त्या नावाला ओ द्यायला लागले. आणि तिथंच माझं मन बिथरलं. मला वाटायला लागलं, आपण आपल्या लग्नाची तयारी करतच नाही, तिचं राहिलेलं पुरं करतोय. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. मी जगेन का लग्नापर्यंत, ही भीती. अंग जरा कोमट लागलं की मी मायला न सांगता गोळी घ्यायचे.

त्यातच एक म्हातारे सरदारजी, वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं गाडी नेणारे, धाब्यावरून अंगण ओलांडून आले. कमळांचा ढीग बघितला, भिंत बघितली आणि खुशीनं म्हणाले, "आखिर हो रही है! बहुत साल लगा दिए बेटी." मायनं मान खाली घातली. मी म्हटलं, "हां जी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

त्याच संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "माझं लगन तुमी लिवा."

"फ्लेक्स लाव," बाबा म्हणाले. "चांगला मोठा लाव. समदी भिंत झाकून जाईल."

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो. म्हटलं, लावते! दुसऱ्या दिवशी दुकानात बसून असा झगझगीत फ्लेक्स काढला की बघून माझं मलाच हसू फुटलं. गुलाबी आभाळ, आम्ही दोघं मधे, दात दिसेपर्यंत हसतोय. बाबांनी दुसऱ्या टोकाची दोरी धरली, ताणून बांधली. अक्का झाकली गेली.

उन्हाळ्याचा वारा सुटला की तो फ्लेक्स फुगायचा. माझं छापलेलं तोंड पुढं यायचं, मागं जायचं, पुन्हा पुढं. मी पाठ करून कमळं करत बसायचे आणि मागून फटफट चालायची. कुणीतरी आतून सरक, सरक म्हणतंय असं वाटायचं. वाराच होता. मला काय कळत नव्हतं का? पण कळून काय उपयोग, मानेवर काटा यायचा तो यायचाच. एका भर दुपारी एका बाजूची दोरी तुटली, माझं तोंड दुमडून खाली लोंबलं आणि मागून निळं नाव दिसलं. माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मला वाटलं, म्हणेल, दोरी बांध. ती म्हणाली, "काढ तो. गुदमरून राहिलं लेकरू."

मी फ्लेक्स ओढून काढला, गुंडाळला आणि तशीच बाबांपुढं जाऊन उभी राहिले. ते ओट्यावर घासलेटात ब्रश धूत होते.

"तुमी साऱ्या मुलखाची लगनं लिवली. माझंच काहून न्हाई?"

बाबा ब्रश पिळत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या अक्काची तारीख मी लिवली, तवा ती मागं उभी होती. म्हणली, बाबा, शेवटचा आकडा वाकडा आला. मी म्हणलो, उद्या करतो दुरुस्त. दुसऱ्या दिशी तिला ताप भरला." त्यांनी ब्रश पुन्हा घासलेटात बुडवला. "ते उद्याचं उद्याच राहिलं पोरी. तारीख काय आपल्या हातची असती? अन् मी लिवून बसलो."

इतक्या वर्षांत अक्काबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, "बाबा, मला काही व्हायचं असलं तर फ्लेक्स लावूनबी होईल. पर मी तुमच्या हातचं नाव घेऊन जाईन, न्हाईतर भिंत अशीच ऱ्हाऊ द्या." बाबा ब्रश धुऊन झाला तरी घासलेटात हलवत बसले.

सकाळी उठून बघते तर अंगणात पिंपात चुना भिजत घातलेला, बुडबुडे येताहेत. मी घासपेपर घेऊन गेले, कारण ऑइलपेंटावर चुना धरत नाही, आधी घासावं लागतं, हे पेंटरच्या पोरीला सांगायला नको. बाबा म्हणाले, "घासायचं न्हाई." आणि तसाच चुना मारायला लागले. ओला चुना पाण्यासारखा असतो, खालचं सगळं दिसतं. बाबा कुंचा फिरवत होते आणि अक्काचं नाव उलट आणखी गडद होत होतं. खरवडलेली वीटही चुन्यानं भरली. ऊन चढलं तसं नाव फिकट झालं, आणि दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. माय दारात बसून शेवटपर्यंत बघत होती.

बाबांनी माझं लग्न भिंतीच्या खालच्या अर्ध्यात लिहिलं. वर अक्काची जागा पांढरी सोडून दिली. किती वर्षांनी हात फिरला, पण अक्षर काय सुंदर! माझं नाव मी हजारदा कॉम्प्युटरवर काढलंय, इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं. मी एकेक ओळ वाचत खाली आले. शेवटी 'दिनांक' लिहिलेलं, आणि पुढं काहीच नाही.

"बाबा, तारीख?"

"रंग संपला," बाबा म्हणाले आणि डबा झाकून आत गेले. डब्यात रंग होता, मी बघितला.

झालं! पुन्हा तीच कोरी जागा, पुन्हा तेच "शादी कब है." होणाऱ्या नवऱ्याला फोटो पाठवला तर त्याचा फोन, "तारीख न्हाई म्हणजे तुमचा इचार पक्का झाला न्हाई का अजून?" मी त्याच्यावर जाम उखडले. मग बिचारा हळूच म्हणाला, "मी येतो म्हणलो तर येतो. भिंतीवर असो नसो." त्यावर मी रडले. पण ती मोकळी जागा माझ्या डोक्यातून जाईना. साडीचा काठ पुरा झाला, कमळांच्या माळा झाल्या, आणि जाता-येता माझी नजर तिथंच.

लग्नाच्या सकाळी पाण्याचा टँकर आला. अंगणात धुरळा फार, म्हणून टँकरवाल्यानं पाइप सोडून सगळीकडं शिंपलं आणि हात फिरता फिरता भिंतीलाही भिजवलं. मी पांढरी साडी नेसून खिडकीशी उभी होते. तेवढ्यात नवरदेवाकडच्या बाया जीपमधून उतरून भिंतीपुढं येऊन थबकल्या. माझ्या नावाच्या वर, पांढऱ्यातून, निळं वर येत होतं. आधी पिंपळाची पानं, मग अक्षरं. अक्काचं पूर्ण नाव.

माय म्हणाली, "आली."

पलीकडं बाबा हातातला तांब्या तसाच धरून उभे. नवरदेवाची आत्या, आमच्या दारात पहिल्यांदाच आलेली, तिनं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे कोणाचं नाव?"

माय पुढं झाली. "थोरली हाये माही."

आत्यानं एकदा वर बघितलं, एकदा खाली, एकदा मायच्या तोंडाकडं. म्हणाली, "मंग बराबर हाये. थोरलीचं नाव वरच पाहिजे." आणि मायचा हात धरून मंडपात गेली.

त्रिशरण-पंचशील सुरू होईतो भिंत वाळली. मी शपथा म्हटल्या, हार घातला, अंगावर फुलं पडली. मला काही झालं नाही. ताप आला नाही. फोटो काढले, जेवणं झाली, आणि मला हळूहळू कळत गेलं की माझी भीती कुठंतरी मंडपातच राहून गेली होती.

निघायची वेळ झाली आणि बाबा कुठं दिसेनात. मायच्या गळ्यात पडून रडले, शेजारणींच्या गळ्यात पडून रडले, पण बाबा नाहीतच. नवरा म्हणाला, "थांबू थोडं." मी म्हटलं, "काही थांबायचं न्हाई, चला." इतका राग आला होता मला. स्वतःच्या लेकीला वाटेला लावायला दोन पावलं टाकवेनात माणसाला!

गाडी अंगणातून रस्त्यावर वळली. बाबा भिंतीपुढं उकिडवे बसले होते. लग्नातले पांढरे कपडे, मांडीशी निळ्या रंगाचा डबा. तारीख लिहीत होते. आजची. मी काच खाली केली, हाक मारणार होते, पण मारली नाही. त्यांनी शेवटचा आकडा काढला, मान कलती करून बघितला. मग खांद्यावरच्या फडक्यानं तेवढा पुसला आणि पुन्हा सरळ काढायला घेतला.