सौरभ टू

माइक चालू राहिला. चूक माझीच.

दुपारची वेळ होती. कामोठ्यातल्या आमच्या घरात, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी क्लायंटच्या कॉलवर बसलो होतो. क्लायंट परदेशातला, त्यांची तेव्हा सकाळ. स्क्रीनवर मी एक गिऱ्हाईक उघडून पाहत होतो. गिऱ्हाईक म्हणजे त्याची प्रोग्रॅममधली नोंद. नाव रिकामं, कोड रिकामा, पत्ता रिकामा. डोकं सटकलं. मी त्याला म्हणालो, "अरे मुडद्या, तू आहेस तरी कोण? बोल की!"

तिकडच्या चार जणांनी ते ऐकलं. एक बाई होती, त्यांची मुख्य. तिनं विचारलं, हे कोण बोललं?

आमचा सौरभ हसला. छान हसतो तो. म्हणाला, "सॉरी अबाउट दॅट. जस्ट सम बॅकग्राउंड नॉईज."

माझे हेडफोन मोडलेले. त्यामुळं हे सगळं घरभर ऐकू गेलं. बायको, सुरेखा, स्वयंपाकघराच्या दारात आली. तिला 'नॉईज' तेवढं कळलं. तिनं खुणेनंच सांगितलं, मी नाही, मी मिक्सर लावलेलाच नाही.

मी तिला खुणेनं म्हणालो, तू नाही. मी.

आता सौरभबद्दल सांगतो. माझ्याहून बराच लहान. कॉन्व्हेंटचा. वडील मोठे अधिकारी, आई कॉलेजात शिकवायची. माझा बाप साताऱ्याकडून आला आणि मार्केटात गोण्या वाहून संपला. त्याला तिथं कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. हमालांच्या टोळीच्या नंबरानं हाक मारायचे. मी मराठी शाळेतून इंजिनिअर झालो, पण माझ्या इंग्रजीला अजून मार्केटचा वास येतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की हे मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. मॅनेजर मॅडम एवढंच म्हणाल्या, तुम्ही टेक्निकली स्ट्राँग आहात, पण क्लायंटसमोर नको. तुम्ही सौरभला लिहून द्या, तो बोलेल.

क्लायंटच्या यादीत नाव वाढवायला नको म्हणून मी कॉलवर सौरभच्याच आयडीनं यायचो. त्याच्या चौकोनाखाली 'सौरभ'. माझ्या, कॅमेरा बंद असलेल्या काळ्या चौकोनाखाली 'सौरभ टू'. क्लायंटला वाटायचं, त्याचाच दुसरा लॅपटॉप.

तेव्हा मला वाईटही वाटलं नाही. उलट सुटलो म्हणालो. इंग्रजीत बोलायचं टळतंय म्हटल्यावर पेढे वाटायचेच बाकी होते. बापानं गोण्या वाहिल्या, मी वाक्यं वाहू लागलो. एसीत.

आणि सौरभ आमच्याकडं जेवायचा. सुरेखाला वहिनी म्हणायचा. खर्डा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तो मागून घ्यायचा. मला म्हणायचा, "दादा, मी काय, तुमचा फक्त आवाज आहे." मी खूश. मला वाटायचं, आम्ही एकाच क्लासचे झालो.

हा क्लास शब्द आमच्या धंद्यातलाही आहे, एकाच साच्याच्या नोंदी म्हणजे एक क्लास, आणि त्या दिवशी माझी सगळी शोधाशोध तिथंच चालली होती. त्यांच्या गोदामात एकाच गिऱ्हाइकाचा माल दोन वेगळ्या माणसांचा समजून अडकून पडत होता. कधी बरोबर चालायचं, कधी नाही. कारण असं. डेटाबेसमधून अख्खा माणूस उचलून आणायला वेळ लागतो. म्हणून प्रोग्रॅम आधी त्याच्या नावाचा पोकळ पुतळा उभा करतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. पुतळ्याला रीतसर विचारलं, बाबा तुझा कोड काय, की तो आत जाऊन खऱ्या माणसाकडून उत्तर आणतो. पण विचारलं तरच.

आता जो नियम आहे तो असा, की एकाच क्लासच्या दोघांना एकमेकांचं खासगी उघडं असतं. न विचारता समोरच्याच्या खिशात हात घालता येतो. कुणी हटकत नाही, प्रोग्रॅम चूक दाखवत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन गिऱ्हाइकं एकच आहेत का हे ताडून बघताना असाच थेट खिशात हात घातलेला होता. समोर खरा माणूस असला तर कोड सापडायचा. पुतळा असला तर खिसा रिकामा. त्या रिकाम्या खिशावरून प्रोग्रॅम ठरवायचा, हा तो नव्हे.

खिशात हात घालू नका. तोंडानं विचारा. एका ओळीची दुरुस्ती.

मूळच्या चुकीच्या ओळी सौरभनं लिहिल्या होत्या. मी त्याला चॅटमध्ये सगळं सोप्या इंग्रजीत टाइप करून दिलं. शेवटी मराठीत लिहिलं, 'टीमकडून राहून गेलं म्हण. कुणाचं नाव घेऊ नको.' त्याला सांभाळत होतो.

त्यानं माझं इंग्रजी शब्दन् शब्द वाचलं. झकास वाचलं. मग त्या बाईनं विचारलं, या चुकीच्या ओळी लिहिल्या कुणी?

 मला वाटलं, सौरभ आता टीम म्हणेल.

तो म्हणाला, "वन ऑफ अवर ओल्डर रिसोर्सेस. ही इज नॉट ऑन धिस कॉल."

मॅडम कॉलवरच होत्या. त्यांनी लगेच री ओढली. होय, त्यांना आम्ही तुमच्या कामावरून काढतोच आहोत.

आमच्या धंद्यात माणसाला रिसोर्स म्हणतात. म्हणजे मला. मी तिथंच होतो. त्याच्याच नावाच्या चौकोनात, काळा, बंद. माझी नोकरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि मी त्या कॉलवर नव्हतो.

नॉईज म्हणाला तेव्हा मी मनात त्याची बाजू घेतली होती. पोरगं गडबडलं, म्हटलं. आता बाजू घ्यायला जागाच नव्हती. त्याची जीभ अडखळली नाही. ज्या जिभेनं वहिनी म्हणायचा तीच. इतकी वर्षं मी न विचारता त्याच्या खिशात हात घालून आपुलकी आहे असं धरून चाललो होतो. खिसा रिकामा होता.

मी माइकचं बटण दाबलं. या वेळी मुद्दाम.

"गुड आफ्टरनून," म्हणालो. तिकडं सकाळ होती. असू दे. "आय ॲम ऑन धिस कॉल. आय ॲम नॉट सौरभ टू." आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. मधलं, बापाचं, गाळलं नाही. मग त्याच मार्केटच्या इंग्रजीत सांगितलं, की शोध मी लावला, त्या ओळी माझ्या नाहीत, कुणाच्या ते मी सांगणार नाही, प्रोग्रॅममधल्या बदलाची नोंद प्रत्येकाच्या नावासकट असते, ती उघडून बघा.  एक क्रियापद तर मी तीनदा बदललं.

ती बाई म्हणाली, "सॉरी, हू इज स्पीकिंग?"

मी पुन्हा पूर्ण नाव सांगितलं. मॅडमनी लाइन खराब आहे असं सांगून कॉल बंद केला.

पाठोपाठ त्यांचा फोन. शिस्त, कंपनीची इज्जत, एचआर. आधी सौरभला सॉरी म्हणा. मी म्हटलं, नाही. मग सौरभचा. त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता, हे मला जास्त लागलं. "दादा, मी तुम्हाला घरचं समजत होतो. तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत."

मी म्हणालो, "सौरभ, उद्या मी माझ्या नावानं कॉलवर येणार. येऊ दिलं नाही तर येणार नाही. पण तुला यापुढं एक अक्षर टाइप करून देणार नाही."

फोन ठेवला. वाघ वगैरे काही झालो नव्हतो. पोरगी बारावीला, आणि या वयात मला कोण घेणार, हेच डोक्यात. पण सौरभ टू मी डिलीट केला. परत तो बनायचं नाही. हाकललं तर माझ्या नावानं हाकलतील.

सुरेखा सगळं ऐकत दारात उभी होती. माझे कॉल सुरू झाल्यापासून या बाईनं दुपारी कुकरची शिट्टी होऊ दिली नव्हती.

मी म्हटलं, "काय होईल उद्या, माहीत नाही."

ती म्हणाली, "उद्या चटणी वाटायचीय. मी मिक्सर लावणार. तुमी त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोला."