खाडीकाठच्या गोरखचिंचेचं बी

जानेवारीच्या शेवटी अनंतकाकांचा फोन आला. "ताई, झाड बघून जा. पुढचा पाऊस काढील असं वाटत नाय." त्याच शनिवारी मी गाडी काढली.

अनंतकाका पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतात. उभा जन्म मिठागरात गेला, आता सत्तरी ओलांडली. त्यांच्या शेताच्या कडेला एक प्रचंड गोरखचिंच आहे. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, कधीतरी जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेलं. काही वर्षांपूर्वी मी याच ब्लॉगवर तिच्याबद्दल लिहिलं होतं. सालीचे औषधी उपयोग आणि गावाचा पत्ता, दोन्ही मोठ्या हौसेनं दिलं होतं. मग लोक कोयते घेऊन आले आणि हात पोचेल तिथवर साल सोलून घेऊन गेले. त्यामुळे यावेळी गावाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही.

पेणच्या स्टँडजवळ मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. जोहेच्या बाजूला कारखान्यांच्या दारात आत्तापासूनच बिनरंगाचे गणपती वाळत होते. त्यापुढची वाट खडबडीत आहे. पावसाळ्यात लहान गाडी अजिबात आणू नका.

झाडावर एकही पान नव्हतं, पण त्याचं काही वाटलं नाही. गोरखचिंच वर्षातले कितीतरी महिने अशीच उघडी उभी असते. सोललेली सालसुद्धा पुन्हा धरली होती. बहुतेक झाडांना हे जमत नाही, हिला जमतं. मी खोडाला हात लावला आणि चरकले. ओल्या पुठ्ठ्यासारखं ते आत दबलं.

"खाडीचा बांध फुटून खांड गेली ना दोन वर्षांमागं," काका म्हणाले. "भरतीचं पाणी मुळाशी उभं राहिलं. कोयते सोसले तिनं, खारं पाणी नाय सोसलं."

पूर्वी पावसाच्या तोंडावर संध्याकाळी तळहाताएवढी पांढरी फुलं उमलत आणि त्यांच्यावर वटवाघळं येत. त्यांच्याकडूनच परागीभवन होतं. खांड गेल्यापासून फूल नाही, म्हणजे फळही नाही. काकांना तिचं एखादं तरी रोप मागे राहायला हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

"बी ठेवलंय ना?" मी विचारलं.

काकांनी घरातून चिनीमातीची बरणी आणली. आत काठोकाठ मीठ. शेवटच्या फळाचं बी त्यांनी मिठात घालून ठेवलं होतं. "मासळी राहते, कैरी राहते. म्हटलं, बी पण राहील." पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि बी आतल्या आत कुजलं. मी झाकण लावलं. मिठावर जगलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

जेवताना काकांनी गावाची रीत सांगितली. पहिलं बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की तिच्या गाठोड्यात गोरखचिंचेचं एक फळ बांधायचं. ताप आला, पोट बिघडलं की आतला आंबट गर कोमट पाण्यात कालवून द्यायचा. "आमची हिरा, माझी बहीण, तीपण घेऊन गेलती, रोह्याकडं. त्या फळाचं काय केलं विचारलं की विषय बदलते. तू विचारून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला निघाले. खिंडीतल्या वळणांवर जपून चालवा. खाली उतरलं की दोन्ही बाजूंना वालाची हिरवी शेतं लागतात. हिरामावशीचं गाव रोह्याच्या अलीकडे, आतल्या अंगाला आहे. मुलगा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. मावशींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि मी परसात हात धुवायला गेले.

परसात गोरखचिंच उभी होती. दोघांच्या कवेत जेमतेम मावेल असं खोड, आणि उंच फांदीला लोंबणारं एकच फळ. एकट्या झाडाला फळं कमीच धरतात. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर मावशी दारात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"तुला भावानं धाडलं ना गो?"

"हो. झाड मरतंय मावशी. त्यांना बी हवंय."

मावशी पायरीवर बसल्या. "पहिला मुलगा माझा. चार महिन्यांचा होता, तापानं फणफणला. पावसाचे दिवस, नदीला पाणी, दवाखाना पलीकडं. दोन दिवस माहेरून आणलेल्या फळाचा गर कोमट पाण्यात कालवून चाटवला. तिसऱ्या दिवशी गेला. उरलेलं पाणी, चोथा, बिया, सगळं रागानं इथं उकिरड्यावर ओतलं. त्यातलंच हे उगवलं."

"काकांना ठाऊक नाही?"

"पोर गेलं ते ठाऊक हाय. त्याला फळाचा गर दिला ते नाय, परसातलं झाडबी नाय; भाऊ येतो तो ओसरीवरनंच परत जातो. त्याला ते झाड आईसारखं. तुझ्या आईनं माझं पोर राखलं नाय, असं कुठल्या तोंडानं सांगू? माहेरी जाते, पण झाडाखाली नाय जात."

गोरखचिंचेच्या बीचं कवच फार टणक असतं, रोपवाटिकेत ते आधी गरम पाण्यात भिजवतात, वगैरे मला माहीत होतं. त्यातलं काही तिथे सांगवलं नाही.

थोड्या वेळानं मावशींनीच आकडी आणली आणि फळ उतरवलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी ते पदरात घेतलं. "लेकीबरोबर आलेलं फळ, लेकीनंच परत न्यायचं. उद्या मुलाला सुट्टी हाय, दिव्याच्या रेल्वेनं पेणला जाऊ. तू नको येऊ हां. हे आमच्या घरातलं हाय."

मी घरी परतले. आता या झाडाच्या औषधी गुणांबद्दल लिहायचं म्हणजे एवढंच लिहीन: गराचं सरबत उन्हाळ्यात जरूर प्या, पण लेकराला ताप असेल तर आधी दवाखाना गाठा. गोरखचिंच पावडरीची पाकिटं विकणाऱ्यांना माझा लेख हवा होता. नाही म्हणून कळवलंय.

गुरुवारी काकांचा फोन आला. मी कळवल्याप्रमाणे बिया गरम पाण्यात भिजवून गोड्या मातीच्या कुंड्यांत लावल्या होत्या. अजून काही वर आलं नव्हतं.

"हिरानं सगळं सांगितलं," ते म्हणाले. "झाडाखाली बसून."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ती म्हणाली, चाळीस वर्षांत माझ्या पोराचं नाव कुणी घेतलं नाय, सासरी नाय, माहेरी नाय. बारसं आमच्याकडं झालेलं, पाळण्याची दोरी मीच बांधलेली. मला आठवत होतं. मी म्हटलं, मधुकर."

"आणि मावशी?"

"रडली. म्हणाली, परत म्हण."