पिवळ्या पट्टीचे फोन

आरोग्य विभागाच्या मुख्य कार्यालयात अकरा दवाखान्यांतल्या नर्सच्या ड्यूट्या लावायचं काम पट्टीकाकांकडे होतं. काकांनी स्वतः डोकं लढवून एक्सेलची अशी फाइल केली होती की एक बटण दाबलं की कोणाची रजा, कोणाची पाळी, सगळं आपोआप तक्त्यात बसायचं. या आपोआप चालणाऱ्या भागाला मॅक्रो म्हणतात, आणि अशी फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की वर पिवळी पट्टी येते: यात धोका असू शकतो, चालू करायचं का? त्यावरून काकांचं नाव पडलेलं.

तीन वर्षांपूर्वी कोणीतरी भलत्याच फाइलवर ‘चालू करा’ दाबलं आणि कार्यालयातले सगळे कॉम्प्युटर आठवडाभर ठप्प झाले. तेव्हा काकांनी नियम घातला, मला फोन करून विचारल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. तेव्हापासून सोमवारी फाइल गेली की अकरा फोन यायचे.

“काका, पट्टी आली. दाबू?”

“फाइल कितीला आलीय बघ. नऊ दहाला? मग माझीच, दाब. आणि सासूबाईंचा गुडघा कसा आहे?”

काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा लांब, बोलायचा तोही घड्याळावर डोळा ठेवून. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत काका फार तर कोपऱ्यावरच्या दुकानात ‘एक ब्रेड द्या’ म्हणायचे. तेवढंच बोलणं.

कॉम्प्युटर विभागातल्या इंजिनियर मुलीने त्यांना समजावलं होतं, “फाइलवर तुमची डिजिटल सही टाकू काका. सगळ्या मशीनना एकदा सांगितलं की ही सही आपली, की पट्टी येणारच नाही. बिनसहीचा मॅक्रो चालायचाच नाही. अर्ध्या तासाचं काम.”

“महिनाअखेर होऊ दे,” काका म्हणाले. मग रजांचा हंगाम होऊ दे, मग चष्मा बदलू दे. अशी सहा महिने चालढकल झाली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच हे चाललं होतं.

मग एका सोमवारी फाइल पाठवून काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि डोळ्यांत औषध घालून दोन तास बसले, मोबाइलही बंद ठेवून. दहा जणींनी नंतर फोन केला. अकराव्या दवाखान्यातल्या नर्सने तीनदा करून पाहिला, मग पेशंटची रांग लागली आणि तक्ता तसाच राहिला. दुपारच्या नर्सची रजा होती, बदली बाईला बोलवायचं, हे त्यातच होतं. कोणीच आलं नाही. तिने दोन्ही पाळ्या एकटीने केल्या आणि तिची चार वर्षांची मुलगी संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघराच्या वॉचमनपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माफी मागायला फोन केला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“तुमची काय चूक, काका? तुम्ही हो म्हणेपर्यंत दाबायचं नाही, असंच तर ठरलंय.”

नियम सुरक्षेचा होता खरा, पण सहा महिने तो कोणासाठी जपला, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी ते आपणहून त्या इंजिनियर मुलीच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “टाक सही.”

पुढच्या सोमवारी नऊ दहाला फाइल गेली. साडेनऊ झाले, दहा झाले. काकांनी रिसीव्हर उचलून पाहिला; फोन चालू होता. शेवटी अकरा वाजता त्यांनीच त्या अकराव्या दवाखान्यात फोन लावला.

“फाइल उघडली का गं?”

“कधीच! पट्टी नाही, काही नाही. झकास काम केलंत काका. काही हवं होतं का?”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. आज मात्र ते जमलं नाही.

“नाही गं. कोणाचाच फोन आला नाही, करमेना, म्हणून केला.”

तिच्या मागे कोणाचं तरी मूल रडत होतं, कोणीतरी नंबर विचारत होतं.

“काका, आत्ता ना, रांग आहे हो...”

“हो, हो, तू बघ,” काका म्हणाले, आणि तिला ठेवावा लागायच्या आत त्यांनीच फोन ठेवला.