वाकळीचा उलटा फेर

जूनमधला सोमवार, लोहाऱ्याचा एसटी स्टँड. हजर: आई, आण्णा, धाकटा भाऊ विलास आणि पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघालेली मी. सामानाची यादी माझ्या हातात होती. तिच्यातून वाकळ मी दोनदा खोडली होती. आईनं तरी ती सुतळीनं बांधून आणलीच.

"लई जड हाय, आई."

"मंग बूड टेकायला घे," म्हणत तिनं ती खिडकीतून आत ढकलली.

वसतिगृहात त्याच वाकळीवर झोपले, नंतर भाड्याच्या खोलीत. फ्लॅटमध्ये कंफर्टर आला आणि ती बेडच्या बॉक्समध्ये गेली. पंचवीस वर्षांनी बाहेर काढली, तर हात आरपार जात होता. टाकायच्या सामानाच्या यादीत तिला पहिला नंबर दिला आणि आईला फोनवर तसं सांगितलं.

"फाटली म्हंजे वाकळ संपत न्हाय," ती म्हणाली. "घिऊन ये."

आमच्याकडं जुनी वाकळ टाकत नाहीत. तिच्यावर नवा थर घालतात, जुनी आत राहते. संक्रांतीनंतर मी गावी, सास्तूरला गेले. सोबत माझ्या ऑफिसच्या दोन सुती साड्या नेल्या; आईनं तिचं इरकल लुगडं काढलं. आईला आता सुई दिसत नाही. म्हणून शिवायला विलासची बायको रेखा बसली. तिनं वाकळ उजेडात धरली.

"अक्का, ही वाकळ हाय का मच्छरदाणी?"

वरचा थर उसवला. खाली दुसरी वाकळ निघाली: माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, आण्णांचं धोतर, बोटभर चिंध्यासुद्धा जोडलेल्या. तिच्याखाली तिसरी, रंग पार उडालेली. रेखा थांबली.

"ह्यो फेर उलटा हाय की!"

वाकळीचे टाके कडेनं सुरू होतात आणि फेर घेत मधोमध येतात. आमच्या घरात सगळ्या बायकांचे फेर एकाच बाजूनं फिरतात. मी डावखुरी. लहानपणी शिवायला बसले की माझा फेर समोरचीवर चालून जायचा, कापड गोळा व्हायचं. "ऊठ तू, पाणी आण," म्हणून मला उठवायचे. सुई सुटली ती सुटलीच. पुण्यात माझं बटणसुद्धा टेलर लावतो.

आईनं बोटांनी टाके चाचपले. "डाव्या हाताची व्हती ही. तुझ्या आजीची सासू आसंल. एकटीनं शिवली, म्हणून जमलं. उठवायला कुणी न्हवतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला म्याच उठवलं."

रेखानं सुई माझ्या हातात दिली. "तुमीच बसा अक्का. मी मधी आले तर आपलं भांडण व्हईल."

गाव सोडलेल्यांना आणि गावात राहिलेल्यांना एक सांगते. मी निघाले तेव्हा त्या घरात माझ्या हाताचं काहीच नव्हतं, म्हणून निघणं सोपं गेलं. आता घर म्हणजे माझ्या मांडीवर पसरलेलं हे काम. वाकळ मी परत घेऊन आले, ते पुण्यात चाललंय, पण शिकवणारी सास्तूरची आहे, मी जन्मायच्या आधी गेलेली. मी तिचा टाका बघते आणि तसाच घालते.

सात फेर झालेत. पहिले तीन वाकडे आहेत, ते उसवणार नाही. मधोमध एक चौकोनी तुकडा बसवायचाय. त्याच्याखाली हळदकुंकू लावून भाकरीचा घास ठेवायचा, वाकळ उपाशी ठेवायची नाही, हे आईनं फोनवर तीनदा बजावलंय. ज्वारीचं पीठ आणून ठेवलंय. भाकरी थापायची राहिलीय.